लडाखहून आईला

लेह, रविवार

प्रिय आई,


आज इथल्या मोरेव्हियन मंडळीत उपासनेला गेले. १८८५ पासून लेहमध्ये या मिशनचं काम आहे. लडाखी ख्रिस्ती विद्वान योसेब गेर्गन याच मंडळीचे. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालून केलेलं पवित्र शास्त्राचं तिबेटी भाषांतर १९४८ मध्ये छापून निघालं. रेव्हरंड टिळकांच्या गीतांवर वाढलेल्या आपल्या घरात हे नाव कधी ऐकलं नव्हतं, याची हळहळ वाटली.

मी आत शिरले तेव्हा गीत सुरू झालं होतं. शब्द लडाखी, चाल मात्र ओळखीची. मागच्या बाकावरच्या आजींनी सरकून जागा दिली आणि मी नुसताच सूर मिसळला.

परवाना मिळाला आहे, उद्या हानलेला निघतेय. विरळ हवेनं डोकं जड होतं, पण सारखी पाणी पितेय. काळजी करू नकोस.

हानले, मंगळवार रात्र

प्रिय आई,

दिवसभर सिंधूच्या काठाकाठानं येऊन काल इथे पोहोचलो. गावाशेजारच्या डोंगरावर, ४,५०० मीटर उंचीवर, वेधशाळा आहे. तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. हवा कोरडी, ढग कमी, वस्ती तुरळक, म्हणून ही जागा निवडली. २०२२ मध्ये हा परिसर अंधारासाठी राखीव झाला. घरोघरी खिडक्यांना जाड पडदे आहेत. गावातल्याच तरुणांना दुर्बिणी देऊन शिकवलं आहे आणि तेच पाहुण्यांना आकाश दाखवतात.

आम्हाला आकाश दाखवणाऱ्या ताईनं आधी देवयानी दीर्घिका दाखवली, नुसत्या डोळ्यांनी. फिकट धुरकट डाग. तिथून निघालेला प्रकाश इथे यायला सुमारे पंचवीस लाख वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. आई, खरं सांगते, पहिल्यांदा ओठांवर स्तुती आली नाही. भीती वाटली. एवढ्या पसाऱ्यात पप्पांचं शेवटचं आजारपण, आपल्या दोघींच्या त्या रात्री, कुणाच्या खिजगणतीत असतील?

मग पूर्वेला कृत्तिका वर आल्या, आणि ईयोब आठवला. पप्पा गेल्यापासून आपण शास्त्रातला तो ग्रंथ उघडलेला नाही. अडतिसाव्या अध्यायात देव त्याला कृत्तिका आणि मृगशीर्षाबद्दल विचारतो, आणि पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असंही. मुलंबाळं गमावून राखेत बसलेल्या माणसाला हे प्रश्न! मला ते नेहमी दटावणं वाटायचं. इथे उभी राहिल्यावर तसं वाटेना. देव त्याच्या दुःखाचं कारण सांगत नाही, हे खरंच. पण किती वेळ त्याच्याशी बोलतो! तारे, हिम, सिंहीण, कावळ्याची भुकेली पिल्लं, एकेक दाखवत त्याला राखेतून बाहेर आणतो. उत्तराऐवजी स्वतः येतो.

त्याच अध्यायात आहे की पाया घातला जात असताना पहाटेचे तारे मिळून गात होते. म्हणजे उपासना आपण सुरू केलेली नाही. रविवारी मी मंडळीत शिरले, तसंच माणसाचं या सृष्टीत येणं: गीत चालू असताना. मला नम्रता म्हणजे स्वतःला धुळीएवढं समजणं वाटायचं. आज वाटतं, आपल्याविना सुरू झालेल्या स्तुतीत आपल्यालाही जागा करून दिलेली आहे, हे मान्य करणं ही त्याहून मोठी नम्रता आहे. आणि ज्याच्याद्वारे हे सगळं निर्माण झालं, तो गव्हाणीत निजला. मी ताईच्या शेजारी हात जोडून उभी राहिले. ती बौद्ध आहे. तिनं काही विचारलं नाही, माझी प्रार्थना होईपर्यंत दुर्बिणीपाशी थांबली.

न्योमा, बुधवार

आई, वाटेत चहाला थांबलोय, म्हणून घाईत दोन ओळी. गाडीत स्तोत्र १४७ काढलं. तिसऱ्या वचनात देव भग्नहृदयी माणसांच्या जखमा बांधतो, आणि लगेच चौथ्यात ताऱ्यांची गणती करतो. मध्ये एक शब्दही नाही. काल रात्री मी जे विचारलं, ते या दोन वचनांच्या मधोमध होतं.

नगरलाही सध्या रात्री नऊनंतर कृत्तिका पूर्वेला दिसतील. गच्चीवर जायच्या आधी ईयोब काढ, पप्पांच्याच शास्त्रातून. अडतिसावा अध्याय मोठ्यानं वाच. मीही इथे वाचीन.

तुझी लेक