पाककृतींचं बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना दोनच गोष्टींना जपावं : लोणच्याची बरणी आणि घरातली वडीलधारी माणसं. बाकीचं सामान टेम्पोत आदळत-आपटत गेलं तरी चालतं. पाककृतींचंही बिऱ्हाड असतं आणि तेही हलवावं लागतं, हे मात्र मला निवृत्त होऊन विश्रांतवाडीला राहायला आल्यावर कळलं. ज्या जागेच्या नावातच विश्रांती आहे तिथे ती मिळेल, हा माझा समज लोहगावच्या विमानांनी पहिल्याच आठवड्यात उडवून लावला होता. उरलीसुरली आशा या पाककृतींनी संपवली.

आमच्या हिने बारा वर्षं खपून दोनशे चौदा पाककृती फोनमधल्या एका प्रोग्रॅमात साठवल्या होत्या. नवा फोन आला आणि त्याने त्या जुन्या प्रोग्रॅमला घरात घ्यायचं साफ नाकारलं. सूनबाई म्हणाली, "त्यात काय आई! जुन्यातून एक्स्पोर्ट, नव्यात इम्पोर्ट. बाबा तपासतील." आमच्या घरात ज्या कामाला कोणी वाली नसतो, ते 'बाबा तपासतील' या खात्यावर जमा होतं.

या निमित्ताने माझ्या ज्ञानात बरीच भर पडली. पॅप्रिका नावाच्या प्रोग्रॅमची फाइल म्हणजे एक गाठोडं. आत प्रत्येक पाककृतीची वेगळी आवळलेली पुडी. तंदूर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमला ती पुडी सोडता येते. शिजायला लागणारी तीस मिनिटं संगणक 'पीटी३०एम' अशी लिहितो. ती म्हणे आयएसओ ८६०१ ही जागतिक पद्धत. मला शाळेतले पीटीचे मास्तर आठवले. त्यांच्या तासालाही आम्ही तीस मिनिटांत शिजून निघायचो.

आमच्या दोन प्रोग्रॅमांची मात्र अशी सोयरीक नव्हती. म्हणून सूनबाईने हिशेबाचे तक्ते करणारा एक तिसराच प्रोग्रॅम मध्यस्थ घातला. मध्यस्थाने मध्यस्थासारखी स्वतःची अक्कल चालवली. '४-५ मिरच्या' ही त्याला तारीख वाटली आणि ठेच्यात '४ मे मिरच्या' पडल्या. नव्या प्रोग्रॅमात प्रमाण, माप आणि जिन्नस असे तीन रकाने. त्यामुळे 'मीठ चवीनुसार'चं झालं : प्रमाण शून्य, माप चव, जिन्नस मीठ.

मापांची ही हलवाहलव तशी जुनीच. १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली आणि ऐंशी तोळ्यांच्या शेराचे ९३३ ग्रॅम झाले. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं माप धरलं आणि कित्येक नव्या संसारांतल्या नवऱ्यांना धड जेवायला मिळालं. वाटी काय, प्रत्येक घरात होतीच.

तपासत तपासत आम्ही पुरणपोळीपाशी आलो. डाळ होती, गूळ होता, जायफळ होतं. पण हिचा चेहरा उतरला. "अहो, आई कुठे गेली?"

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या फोनवरून सांगायच्या आणि ही त्यांचे शब्द जसेच्या तसे 'टीप' या रकान्यात उतरवून ठेवायची. 'घड्याळ बघत बसू नकोस. पुरणात कालथा उभा राहिला की उतरव.' नव्या प्रोग्रॅमात टीप नावाचा रकानाच नव्हता. त्याने जिन्नस तेवढे उचलले आणि सासूबाईंना मागेच ठेवलं.

सूनबाई काही बोलली नाही. रात्री दोनपर्यंत जागून तिने जुन्या गाठोड्यातून एकूण एक टीप बाहेर काढली आणि 'वर्णन' या रकान्यात नेऊन बसवली. सकाळी ही चहा गार होईपर्यंत वाचत होती. आमटीपाशी आली आणि हसायलाच लागली. तिथे लिहिलं होतं, 'लसणीची फोडणी दे. विहीणबाईंना हिंगाची म्हणून सांग.' विहीणबाई म्हणजे माझी आई. लसणीचं नाव काढलं की नाक मुरडायची आणि ती आमटी दोन वाट्या मागून घेऊन सुनेच्या हिंगाचं कौतुक करायची!

आता सगळं जागेवर आहे. मिरच्यांची तारीखही गेली. मीठ तेवढं अजून शून्यावर आहे. "दुरुस्त करू का?" म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "राहू द्या. डॉक्टरांनी तुम्हाला तेवढंच सांगितलंय."