कार्ल्याच्या पायथ्याशी बेंजो

लोणावळा म्हटले की चिक्की, भुशी धरण आणि पावसाळ्यातले धुके एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु मावळचा गजबजाट पाहायचा तर चैत्रात यावे. हरभरा-गव्हाची मळणी उरकलेली असते, भातखाचरांत राब भाजण्याची कामे निघालेली असतात आणि मुंबई, ठाणे, रायगडकडील कोळी-आगरी मंडळी एकवीरा आईच्या भेटीला कार्ल्याकडे निघतात. चैत्र शुद्ध सप्तमीला देवीची पालखी असते. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की कार्ला जवळच. पायथ्याला वेहेरगाव आहे.

या मंडळींबरोबर वाजंत्री असतात. कुठे ढोल-ताशा, कुठे पितळी बँड, तर कुठे बेंजो. हा बेंजो म्हणजे तारांवर खटके बसवलेली लांबट पेटी. डाव्या हाताने खटके दाबायचे, उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळचे हे वाद्य जपानचे. 1912 साली नागोया शहरात ते तयार झाले. आपल्याकडे त्याला बुलबुलतरंग म्हणतात. कोकणपट्टीच्या कलाकारांनी त्याला विजेचा भोंगा जोडला आणि मिरवणुकीत आणले.

नावापुरता त्याचा एक भाऊ अमेरिकेत आहे. तिकडचा बँजो वाटोळा, कातडे ताणलेला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो घडवला. पुढे 1940 च्या दशकात बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदाने त्याच्यासह एक नवा बाज रूढ केला. त्याला ब्लूग्रास म्हणतात. मन्रो केंटकी राज्याचे, आणि त्या राज्याची ओळख म्हणजे ब्लूग्रास नावाचे चराऊ गवत! संगीताला चाऱ्याचे नाव मिळाल्याचे वाचून आपल्यासारख्या गुरे पाळणाऱ्यांना बरे वाटावे. तिकडचे वादकही खेड्यापाड्यांतले, आणि त्यांच्या जत्रांतून फोटो काढणारे पुष्कळ असतात.

आता आपल्या घरचे यात्रेचे फोटो काढून पाहा. देवी दिसेल, पालखी दिसेल, नवे लुगडे नेसलेली आजी दिसेल. वाजवणारा मात्र कडेला अर्धा कापला गेलेला असतो. दिवसभर उन्हात वाजवणाऱ्या माणसाजवळ स्वतःचा वाजवतानाचा एक धड फोटो नसावा, हे बरे नव्हे. म्हणून यंदा मोबाईल किंवा कॅमेरा नेणार असाल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट उजेडाची. चैत्रातले दुपारचे ऊन डोक्यावर येते व टोपीखालचा चेहरा काळा पडतो. त्यासाठी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर फोटो घ्यावेत. सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावा. रात्री मोबाईलचा फ्लॅश चार-पाच पावलांपलीकडे फारसा पोचत नाही. तेव्हा दुरून तो उडवण्यापेक्षा दिव्याच्या उजेडात जवळ जाऊन उभे राहावे.

दुसरी गोष्ट हाताची. ढोलकऱ्याचा हात खाली येताना फार वेगात असतो, पण टिपरू अगदी वर पोचले की क्षणभर थांबते. दोन-चार ठेके ऐका, ताल मनात मोजा आणि हात वर असताना बटण दाबा. साधा कॅमेरा असेल तर वेग सेकंदाच्या 250 व्या भागाच्या आसपास ठेवावा. बेंजोवाल्याची बोटे खटक्यांवर लहान अंतरात फिरतात. त्याचा चेहरा आणि दोन्ही हात एका चौकटीत येतील असे बसून घ्यावे. मोबाईलवर चित्र ताणून मोठे करू नये, त्याने ते फुटते. दोन पावले पुढे जावे. भंडारा-गुलाल उडत असेल तर काच मऊ सुती कापडाने हलकेच पुसावी.

तिसरी गोष्ट सभ्यतेची. फोटोआधी मान हलवून विचारावे. अंगात आलेल्या बायामाणसांचे फोटो काढू नयेत. तो त्यांचा आणि देवीचा प्रसंग आहे.

चौथी सर्वांत महत्त्वाची. सह्याद्रीच्या अशा कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. फटाके, धूर, मोठा आवाज यांनी त्या उठल्या तर पायऱ्यांवरच्या गर्दीला पळायला जागा नसते. शिवाय याच माश्या परागीभवन करून आपल्या रानाला व पिकांना फळ धरायला लावतात. म्हणून वाजप पायथ्याशीच असावे, यात्रेच्या वेळी निघणाऱ्या बंदीच्या सूचना पाळाव्यात आणि पोळ्याकडे फ्लॅश उडवू नये.

वर गेल्यावर देवळाशेजारचे चैत्यगृह अवश्य पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेणे पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतर दर्शनी भागावर ऊन येते. तेथील एका शिलालेखात उषवदाताने भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. शेतसाऱ्यावर भिक्षूंचा निर्वाह चाले, हे त्या दगडाने टिपून ठेवले. दान देणाऱ्यांची नावे टिकली, छिन्नी चालवणाऱ्या बहुतेकांची नाही.

तेव्हा शेवटची विनंती. फोटो काढल्यावर वादकाचे गाव विचारून घ्या, आणि त्यातला बरा फोटो कागदावर छापून त्याच्या घरी पाठवा. मोबाईल बिघडला की आतले फोटोही जातात. भिंतीवरचा फोटो मात्र नातवंडांनाही दिसतो.