मेळघाटातील पानगळ

यंदा फाल्गुनात वडिलांसह परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो. अकोल्याची ४० वर्षांची पेढी दिवाळीत आवरल्यापासून ते फारसे बोलत नव्हते.

शीत देशांतील पानगळ थंडी आणते. गाविलगडाच्या डोंगरांत ती जमिनीतील ओल आटल्याने होते. सागाची राठ, तपकिरी पाने वाटेवर पसरली होती. धावडा तांबूस झाला होता, सालई तर उघडीच पडली होती. पान सोडण्यापूर्वी वृक्ष त्यातील नत्र व स्फुरद पुष्कळ अंशी खोडाकडे ओढून घेतो. हरितद्रव्य विरते, तेव्हा त्याखाली झाकलेला पिवळा रंग प्रकट होतो. तांबडा मात्र बहुधा नव्याने निर्माण होतो. शेवटी देठाशी बुचासारखा थर धरतो आणि पान गळते.

हे ऐकून वडील थांबले. “म्हणजे येणे वसूल करूनच झाड खाते बंद करते,” ते म्हणाले.

पुढच्या वळणावर, दरीच्या कडेला, कुसुंबाचे झाड कोवळ्या लाल पालवीने पेटले होते. वडील बराच वेळ तेथे उभे राहिले. घाट उतरताना त्यांनी प्रथमच, आपणहून, पेढीच्या गोष्टी काढल्या.