डाख की डिंक?

अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप, सौर कंदील आणि सौर कृषिपंप आता रोजच्या वापरात आले आहेत. त्यांतला एखादा जोड सुटला की दुरुस्ती करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: कथील-शिशाचा नेहमीचा डाख, कमी तापमानाला वितळणारा कथील-बिस्मथचा डाख, किंवा चांदीची पूड घातलेला वीजवाहक डिंक. शेवटच्या दोन वाटा मोहात पाडतात, कारण त्यांत नाजूक भाग भाजण्याची भीती कमी. पण जोड देताना किती ताप लागतो, एवढ्यावर निवड करणं मला चुकीचं वाटतं. जोड पुढची वर्षं कशा जागी काढणार आहे, हे आधी पाहायला हवं.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं यांचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळतो. 42 टक्के कथील आणि 58 टक्के बिस्मथचा 138 अंशाला. प्लास्टिकलगतच्या जोडाला हे 45 अंश वाचणं मोलाचं आहे. पण जुन्या वस्तूंवर बहुधा आधीचं शिसं असतं. त्यावर बिस्मथचा डाख चढला की कथील, शिसं आणि बिस्मथ यांचं असं मिश्रण तयार होऊ शकतं, जे सुमारे 96 अंशालाच वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि उन्हातलं सौर पॅनेल सहज 70 अंशांपुढे तापतं. वितळबिंदूच्या इतक्या जवळ राहणारा जोड हळूहळू ढिला पडणारच. शिवाय बिस्मथ ठिसूळ. बांधीतून चालताना पाठीवर हिंदकळणाऱ्या पंपाला तो मानवत नाही. म्हणून हा डाख मी फक्त शिसं नसलेल्या, न हलणाऱ्या आणि गार राहणाऱ्या जागीच योग्य मानतो.

वीजवाहक डिंकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्याचा रोध डाखाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो. ते खरं आहे, पण थर पातळ असेल तर त्या रोधानं फारसं बिघडत नाही. खरी अडचण डिंक आणि धातू जिथे भेटतात तिथे आहे. कल्हईवाला आधी भांडं घासतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. त्यामुळे धातूवरचा गंज निघून कथील तांब्या-पितळेत मुरतं. डाखाची पेस्टही तेच काम करते. डिंक मात्र नुसता टेकून चिकटतो. कथिलाच्या पृष्ठावर तो लावला आणि पावसाळ्याची चार महिन्यांची दमट हवा आत शिरली, की चांदी आणि कथील यांच्यामधल्या सीमेवर गंज धरतो आणि रोध वाढत जातो. ॲल्युमिनियमवर तर ऑक्साइडचा थर आधीच बसलेला असतो.

कुणी म्हणेल, काही आधुनिक सौर पॅनेलांत पेशी अशाच डिंकानं जोडतात, मग आपल्याला का नको? तिथे पृष्ठभाग ठरलेला असतो, डिंक मोजक्या तापमानाला पिकवला जातो आणि वर काचेखाली बंद होतो. दुकानातल्या टेबलावर ही शिस्त साधत नाही. दुसरा आक्षेप शिशाच्या विषाचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरचा उपाय बिस्मथच असला पाहिजे असं नाही. नव्या जोडाला कथील-तांब्याचा डाख वापरता येतो. तो सुमारे 227 अंशाला वितळतो. शिशाचा जुना जोड दुरुस्त करायचा तर आधी जुना डाख काढावा, काम झाल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावं. लिथियमच्या सेलवर तर थेट डाख देऊच नये. तिथे निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावावी. जाड तारेला लग दाबून बसवणं आणि स्क्रूनं आवळणं सर्वांत भरवशाचं. ऐन फवारणीत पंप बंद पडला तर शेतकऱ्याचा जो दिवस वाया जातो, तो परत मिळत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर वाचलेली दोन मिनिटं त्या दिवसाहून मोठी नाहीत.