छातीवर नंबर, आडनाव नाही

कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळा सरला की मॅरेथॉनचे फ्लेक्स लागतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, इथे दहा किलोमीटरलाही तेच नाव. असो. आम्ही स्पर्धेत धावणारी माणसं. पहाटे छातीवर नंबर लावून उभे राहिलो की ऊर भरून येतो. त्या नंबरावर आडनाव नसतं आणि घड्याळ कुणाची जात विचारत नाही.

मग खटकतं काय? प्रवेश फी. रस्ता ठाकूर-कातकरी वाड्यांजवळून जातो. रोज डोंगर चढणारी-उतरणारी पोरं कडेला उभी राहून आम्हाला टाळ्या वाजवतात. फी भरायची तर आईची मजुरी जाते. आम्हाला मात्र वाटेत पाण्याच्या बाटल्या. अर्धी पितो, अर्धी फेकतो. उन्हाळ्यात याच वाड्यांतल्या बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते समान हक्कासाठी. हे आठवलं की हातातली बाटली जड होते.

गुणवत्ता कमी आहे म्हणता? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं.

मग बहिष्कार टाकायचा? नाही. मैदान सोडलं तर ते पैसेवाल्यांचंच होईल. आम्ही धावणार, आणि आयोजकांना विचारणारही: वाडीतल्या पोरांना फी माफ का नाही? टाळ्या आम्ही वाजवू. नंबर त्यांच्या छातीवर लागू द्या.

जय भीम!