शरद नेरूळकर उठून जातो

स्वतःला शोधायचं तर आधी पासपोर्ट काढावा लागतो, असं आपले हिंदी सिनेमे बघून कुणालाही वाटेल. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधले (२०११) तिघे मित्र स्पेनला जातात, समुद्रात बुड्या मारतात, विमानातून उड्या टाकतात, बैलांपुढे धावतात आणि शहाणे होतात. 'क्वीन'मधली (२०१४) राणी लग्न मोडल्यावर एकटीच पॅरिसला हनिमूनला जाते. पुण्यात घरी लाडू करून विकणाऱ्या शशी गोडबोलेलाही 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये (२०१२) न्यूयॉर्क गाठावं लागतं. शशीवर माझा विशेष जीव आहे. सगळं इंग्रजी शिकून परतताना विमानात ती इंग्रजीतूनच हिंदी वर्तमानपत्र मागते, तेव्हा दिग्दर्शिका गौरी शिंदेला नमस्कार करावासा वाटतो.

पण या सगळ्या सिनेमांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. माणसाच्या आत काहीतरी उत्तम दडलेलंच आहे. नवऱ्याचा तुसडेपणा, नोकरीचा जाच, घरच्यांची भीती एवढं बाजूला सारलं की ते वर येणार. सारल्यावर खाली बेताचंच काही निघालं तर?

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' (२०२०) या प्रश्नाला थेट हात घालतो. शरद नेरूळकर हा मुंबईतला तरुण शास्त्रीय गायक. गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसतो, त्यांचं दुखणंखुपणं काढतो, अंग रगडून देतो, डॉक्टरकडे नेतो. पोटासाठी जुनी ध्वनिमुद्रणं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. रियाजात कसूर नाही. स्पर्धेत मात्र नाव दुसऱ्याचंच पुकारलं जातं. वडीलही गाण्याच्या नादातले, फारसे पुढे न गेलेले. लहानपणी बाहेर पोरं खेळत असताना त्यांनी याला आत गाणं घोकायला बसवलेलं. म्हणजे शरदची महत्त्वाकांक्षा त्याच्या वाट्याला वारशाने आलेली आहे, आणि ती आपली स्वतःची नाही हे कळायला त्याचं सगळं तारुण्य खर्ची पडतं.

ताम्हाणे कुठेही शरदला बेसूर गायला लावत नाही. ते सोपं झालं असतं, आपण हसून मोकळे झालो असतो. आदित्य मोडक हा या भूमिकेतला नट मुळात गायकच आहे, त्यामुळे शरद बरा गातो, तयारीने गातो. फक्त त्या गाण्यात जीव येत नाही. ज्याने थोड्याफार मैफिली ऐकल्या आहेत त्याला असा गायक ओळखीचा वाटेल. बंदिश चोख, ताना जागच्या जागी, आणि श्रोते चहाच्या सुट्टीची वाट बघताहेत. वाईट कलावंतापेक्षा या बऱ्या कलावंताचं दुःख अवघड, कारण त्याला कुणी स्पष्ट सांगत नाही. सिनेमात सांगणारा एक भेटतो, ध्वनिमुद्रणांचा संग्रह करणारा एक खवट जाणकार. तो गुरुजी, शरदचे वडील, माई या सगळ्यांचीच झाकली मूठ उघडतो, आणि शरद पेल्यातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. खोटं ऐकून माणूस इतका चिडत नाही.

या माई कधीच दिसत नाहीत. त्या गुरुजींच्या गुरू. त्यांच्या व्याख्यानांची गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं शरद कानात घालून रात्रीच्या मुंबईत मोटरसायकल चालवतो. मागे तानपुरा, रस्ता रिकामा, दृश्याची गती मंदावलेली. माई सांगतात ते कडक आहे: उपाशी राहायची तयारी ठेवा, एकटेपणाची ठेवा, श्रोत्यांचा विचार सोडा. ऐकताना आपणही भारून जातो. मला हे भारावणं धोक्याचं वाटतं, आणि दिग्दर्शकालाही ते तसं वाटत असावं. एरवी त्याने माईंना इतका सुंदर आवाज दिला नसता.

तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ज्यांनी त्यांचे सिनेमे पाहिले होते त्यांना माईंचं बोलणं ऐकताना चमत्कारिक वाटलं असणार, कारण भावे यांनी सुनील सुकथनकरांच्या साथीने जन्मभर जे सिनेमे केले ते माईंच्या शिकवणुकीच्या बरोबर उलट्या दिशेने जातात. समाजकार्य शिकवता शिकवता त्या सिनेमाकडे वळल्या, आणि तिथेही त्यांनी माणसाला एकटं सोडलं नाही. 'देवराई'तला (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ असो की 'अस्तु'मधले स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे पंडित, कुणीतरी शेजारी असतंच.

'कासव' घ्या. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण, तापाने फणफणलेला, रस्त्यात जानकीला सापडतो. ती त्याला देवगडला घरी नेते आणि फारसं काही करत नाही. नाव विचारत नाही, उपदेश करत नाही. जेवायला वाढते. शेजारी समुद्रावर कासवांच्या अंड्यांची राखण चाललेली असते. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. कोकणात ही अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला कुंपणाच्या आत नेऊन ठेवतात. राखण करणाऱ्याचं काम एवढंच. पिल्लू वाळूतून वर यायचं ते स्वतःच येतं, समुद्रापर्यंतही त्याने स्वतःच चालायचं. जानकीचा सगळा उपचार या कुंपणाएवढा आहे. ती स्वतःही त्या अंधारातून गेलेली असल्यामुळे हात कुठे आखडता घ्यायचा ते तिला कळतं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी 'कासव' जरा जास्तच बोलतो, हेही खरं. पण बरं होण्याचा वेग त्याने खोटा दाखवलेला नाही.

शरदच्या आयुष्यात हे कुंपण नाही. सगळे त्याला काहीतरी शिकवतात किंवा त्याच्याकडून काही मागतात. म्हणून पुढे, वय वाढल्यावर, एका मैफिलीत तो गाता गाता थांबतो आणि उठून जातो, तो क्षण मला पराभवाचा वाटत नाही. पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या कानांनी स्वतःचं गाणं ऐकलेलं असतं. सिनेमा बघून काहीजण "बिचारा" म्हणतात. 'उंबरठा'तली (१९८२) सुलभा महाजन नवरा, मुलगी, भरलं घर मागे टाकून गाडीत बसते तेव्हा आपण तिला बिचारी म्हणत नाही. तिने तर मिळवण्यासाठी घर सोडलं. शरदने गाणं सोडलं ते त्याच्यावर सर्वात जास्त प्रेम असताना.

त्याचाही शेवट गाडीतच आहे. लोकलच्या डब्यात शरद, बायको, लहान मुलगी, आणि एकतारीवर गाणं म्हणत पैसे मागणारा एक माणूस. कुठल्या घराण्याचा नाही, कुणाचा शिष्य नाही. शरद ऐकतो की नुसता बसून आहे, हे ताम्हाणे सांगत नाही. मला त्या मुलीची जास्त काळजी. ती जरा मोठी झाली की शरद तिला गाण्याच्या क्लासला घालणार, यात मला शंका नाही. असली माणसं तेवढी बदलत नाहीत. पण शेजारची पोरं खेळायला बोलवायला आली तर जाऊ देईल, असं वाटतं.