सोडियमचं कर्ज

पोस्ट जरा लांबली आहे. पण घरात नववीतलं मूल असेल, किंवा लवकरच होणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

माझी लेक गेली दोन वर्षं मला सायन्सचं काही विचारत नाही. एकदा सहज म्हणाली होती, "आई, तुला ते सगळं मराठीत येतं ना, राहू दे." खरंच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स, मग सीए. तिच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं.

गेल्या आठवड्यात मात्र स्वतःहून क्विझचा कागद घेऊन ओट्यापाशी आली. सोडियमच्या आयनला तिने मायनसचं चिन्ह दिलं होतं आणि त्यावर लाल फुली. "सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, म्हणजे एक कमी झाला. मग प्लस कसा?"

प्रश्न चुकीचा नाहीये हो. 'कमी झालं म्हणजे मायनस' हे आपणच त्यांना पहिलीत शिकवलेलं असतं.

मी पोळ्या बाजूला ठेवल्या आणि ताळेबंद मांडला. म्हटलं, प्रोटॉन म्हणजे एक रुपयाची मालमत्ता. इलेक्ट्रॉन म्हणजे एक रुपयाचं कर्ज. सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. निव्वळ शिल्लक शून्य, म्हणून अणू उदासीन. आता त्यातलं एक कर्ज दुसऱ्याच्या नावावर गेलं. मालमत्ता ११, कर्ज १०. शिल्लक किती?

"प्लस वन!"

आणि कर्ज गेलं कोणाच्या नावावर? क्लोरीनच्या. त्याच्याकडे मालमत्ता १७, कर्ज आता १८, म्हणजे मायनस वन. दोघांची बेरीज पुन्हा शून्य. आमच्या धंद्यात याला दुहेरी नोंद म्हणतात. ओट्यावरच्या मिठाच्या बरणीत हाच हिशोब भरलेला असतो.

मग तिने विचारलं, "कर्ज बदललं तर तो सोडियमच कसा राहिला?" कारण नाव कर्जावरून ठरत नाही, प्रोटॉनवरून ठरतं. ११ प्रोटॉन म्हणजे सोडियम, १२ म्हणजे मॅग्नेशियम. मधलं काही नाही. याच आकड्याला आपण शाळेत अणुअंक म्हणायचो.

राहिला न्यूट्रॉन. त्याला प्रभार नाही, पण वजन प्रोटॉनइतकंच. ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या फायलींसारखा: किंमत शून्य, उचलताना मात्र कंबर मोडते. नेहमीच्या सोडियमात असे १२ असतात. ११ अधिक १२, म्हणून वस्तुमानांक २३. "इलेक्ट्रॉनचं वजन?" प्रोटॉनच्या साधारण १८३६ पट कमी. ऑडिटमध्ये एवढ्या फरकाला आम्ही 'मटेरियल नाही' म्हणून सोडून देतो, इथेही तसंच.

खरी गंमत पुढे आली. आवर्तसारणीत क्लोरीनचं वस्तुमान सुमारे ३५.५ दिलेलं असतं. "अर्धा न्यूट्रॉन असतो का?" नाही. निसर्गातल्या क्लोरीनच्या साधारण तीन-चतुर्थांश अणूंत १८ न्यूट्रॉन असतात आणि एक-चतुर्थांशात २०. म्हणजे काही ३५ चे, काही ३७ चे, आणि सारणीत छापतात ती सरासरी. वेगवेगळ्या भावाने घेतलेल्या मालाची काढतो तशीच.

"हां, आयसोटोप. तो शब्द पाठ आहे माझा, पण डोक्यात बसत नाही."

मी सहज म्हणाले, "अगं, आम्ही समस्थानिक म्हणायचो. सम स्थान. वजन वेगळं, पण सारणीतली जागा तीच, कारण प्रोटॉन तेवढेच."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली द डेफिनिशन."

नंतर शोधलं तर कळलं, इंग्रजी शब्दाचाही अर्थ तोच. ग्रीकमध्ये आयसोस म्हणजे समान, टोपोस म्हणजे जागा. फ्रेडरिक सॉडी यांनी तो १९१३ मध्ये वापरात आणला. सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी. आणि हे सॉडी काही वर्षं आपल्याकडे, मॉन्ट्रियलला होते! १९०० ते १९०३ मध्ये मॅकगिल विद्यापीठात रदरफोर्ड यांच्यासोबत. मीठ बनताना कर्जाची अदलाबदल होते, नावं बदलत नाहीत. पण थोरियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्याचं मुळात दुसऱ्याच मूलद्रव्यात रूपांतर होतं, हे या दोघांनी तिथे दाखवून दिलं. प्रोटॉन, न्यूट्रॉन तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. आज आपण सहज सांगतो: थोरियमचे प्रोटॉन ९०, त्यातले दोन बाहेर पडले की राहिले ८८, म्हणजे रेडियम. मालमत्ताच गेली, म्हणून नाव बदललं.

झोपायच्या आधी तिला अजून एक सांगितलं. हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन असतो, न्यूट्रॉन बहुधा नसतोच. काही थोड्या अणूंत मात्र एक असतो. अशा हायड्रोजनचं पाणी म्हणजे जड पाणी. पाणीच ते, पण त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. आपल्या ओंटारियोतली जवळपास निम्मी वीज अणुभट्ट्यांतून येते आणि त्या सगळ्या कँडू जातीच्या, जड पाणी वापरणाऱ्या. तिकडे तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्याही जड पाण्याच्याच. "जड पाणी" ऐकून ती खूप हसली. पण लक्षात राहिलं.

आता मुद्द्याचं. आपण घरी मराठी बोलतो ती जेवण, आंघोळ, 'आजीशी बोल' एवढ्यापुरती. अभ्यासाची वेळ आली की आपणच इंग्रजीत शिरतो, किंवा मागे सरतो. मी दोन वर्षं मागे सरले होते. 'आपलं शिक्षण इथे उपयोगाचं नाही' हे लेकीने म्हणायच्या आधी मीच मान्य करून टाकलं होतं. शाळेतले शब्द इंग्रजीतच लिहायचे आहेत, त्याला इलाज नाही. पण इंग्रजीत जो शब्द नुसता पाठ करावा लागतो, तो मराठीत कधी कधी स्वतःच अर्थ सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात. आठवीच्या विज्ञानात 'अणूचे अंतरंग' हा धडा आहे, तिथून सुरुवात करा. तुमचीही उजळणी होईल.

काल लेक परत ओट्यापाशी आली. "आई, कोव्हॅलंटला काय म्हणायचात?" मला आठवेना. दोघींनी मिळून पुस्तक उघडलं. सहसंयुज. तिने तो वहीच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहिला.

तुमच्या शाळेतला असा एखादा शब्द आठवतोय का, जो ऐकताच अर्थ कळायचा? खाली लिहा. आम्हाला हवे आहेत.